रांगेच्या शेवटी

कराटेचा ब्लॅक बेल्ट मिळवलेला मनुष्य केंडोच्या तालमीत प्रथम प्रवेश करतो, तेव्हा त्याला बसावयास जी जागा दाखवली जाते ती रांगेच्या अगदी शेवटची असते. जपानी परंपरेत या तालमीला ‘दोजो’ म्हणतात. गुरुजन एका बाजूस बसतात आणि त्यांच्यासमोर शिष्य आपापल्या श्रेणीनुसार ओळीने गुडघे मोडून बसतात. नवागताच्या वरच्या अंगास पुष्कळदा दहा-अकरा वर्षांचा एखादा मुलगा असतो. त्या मुलाला येथे येऊन दोन वर्षे झालेली असतात. या प्रौढाला दोन मिनिटे. वीस वर्षांचा सराव, स्पर्धांतील पदके, घरी जपून ठेवलेली प्रमाणपत्रे यांपैकी काहीही येथे जमेस धरले जात नाही. नमस्कार होतो, वर्ग सुरू होतो आणि पहिला धडा दिला जातो तो चालण्याचा.

वीस वर्षे युद्धकला शिकलेल्या माणसाला पुन्हा चालावयास शिकवावे, यात अपमान आहे की उपकार, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. काही जण दुसऱ्या आठवड्यापासून दिसेनासे होतात. जे टिकतात त्यांच्या अनुभवात व्यापारी घराण्यांनी लक्ष द्यावे असे बरेच काही आहे. त्याचे एक विशेष कारणही आहे. या कलेच्या इतिहासातील एका अत्यंत नामांकित तलवारबाजाची अनेक वर्षे अडलेली वाट एका व्यापाऱ्याच्या साध्या बोलण्याने मोकळी झाली होती.

‘केंडो’ या शब्दाचा अर्थ तलवारीचा मार्ग. सामुराई योद्ध्यांच्या काळी तलवारीचे शिक्षण मुख्यतः लाकडी तलवारीने, आधी ठरवून दिलेल्या हालचालींच्या आधारे होत असे. कारण मोकळेपणाने प्रहार करावा, तर सोबत शिकणारा जायबंदी होण्याची भीती. अठराव्या शतकात या अडचणीतून मार्ग निघाला. त्या शतकाच्या आरंभी नागानुमा आणि मध्याच्या सुमारास नाकानिशी या घराण्यांतील गुरूंनी शिरस्त्राण, छातीचे कवच, हातमोजे आणि बांबूची तलवार यांना सुधारलेले रूप दिले आणि पूर्ण शक्तीनिशी, तरीही कोणास इजा न होता, सराव करणे शक्य झाले. शस्त्र हाती असूनही समोरच्याचे अंग सुरक्षित राहावे, या गरजेतून आजचा केंडो घडला आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. १८७६ मध्ये जपानी शासनाने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी घातली. शस्त्र कमरेवरून उतरले, परंतु त्यामागील शिस्त तालमींतून टिकून राहिली. १९५२ मध्ये अखिल जपान केंडो महासंघ स्थापन झाला. त्याने १९७५ मध्ये या कलेचे उद्दिष्ट निश्चित शब्दांत मांडले. तलवारीच्या तत्त्वांच्या आचरणातून माणसाचे शील घडवणे, असा त्याचा आशय आहे.

केंडोच्या बांबूच्या तलवारीला ‘शिनाई’ म्हणतात. बांबूच्या चार पट्ट्या एकत्र बांधून ती तयार होते. प्रौढांच्या स्पर्धेतील शिनाई जास्तीत जास्त १२० सेंटिमीटर लांब असते. पुरुषांसाठी तिचे वजन किमान ५१० ग्रॅम आणि स्त्रियांसाठी किमान ४४० ग्रॅम असावे लागते. प्रहाराच्या जागा चारच. डोके, मनगट, बरगड्यांची बाजू आणि कंठ, त्यातही कंठावर फक्त टोकाने. प्रहार करताना त्या जागेचे नाव मोठ्याने उच्चारायचे असते. आयुष्यभर दुकानात हळू आवाजात बोलण्याची सवय असलेल्या गृहस्थाला तलवार उगारण्यापेक्षा हे ओरडणेच अधिक जड जाते आणि पहिले काही दिवस त्याच्या कंठातून जेमतेम कुजबूज बाहेर पडते.

दुसरी एखादी युद्धकला शिकून आलेल्याची अडचण मात्र निराळी असते. कोऱ्या मनुष्याला काहीच येत नसते. याला फार येत असते, आणि जे येते तेच आड येते.

प्रथम पाय आड येतात. कराटेमध्ये गुडघे वाकवून, पाय जमिनीत रोवून उभे राहण्याचा आणि डावा-उजवा पाय आलटून पालटून पुढे टाकण्याचा अभ्यास झालेला असतो. केंडोत उजवा पाय जवळजवळ नेहमी पुढे, डावा मागे, डाव्या पायाची टाच किंचित उचललेली. पाऊल उचलून टाकायचे नाही, लाकडी जमिनीवरून सरकवायचे. मन एका क्षणात हे समजून घेते, पण पाय ऐकत नाहीत. लक्ष जरा दुसरीकडे गेले की गुडघे आपोआप वाकतात आणि टाच खाली टेकते. नंतर हात आड येतात. बहुतेकांचे बळ उजव्या हातात असते; केंडोत मुठीचे टोक डाव्या हाताने धरून तलवार त्याच हाताने चालवायची असते, उजव्या हाताने तिला केवळ दिशा द्यायची. बलवान माणूस उजव्या हाताने जोर लावतो, आणि जितका जोर लावतो तितकी तलवार वाकडी जाते.

ज्युदो शिकलेल्याची तारांबळ वेगळी. त्याला प्रतिस्पर्ध्याच्या कपड्याची पकड हवी असते. त्या पकडीतून त्याला समोरच्याचा तोल, त्याचा बेत, त्याचा थकवा सारे कळते. केंडोत समोरचा एक पाऊल आणि एक प्रहार इतक्या अंतरावर उभा असतो. हातात काहीच येत नाही. जे ओळखायचे ते केवळ शिनाईच्या टोकाच्या हलक्या स्पर्शावरून आणि नजरेवरून. ऑलिंपिकमधील फेन्सिंग शिकून आलेला मनुष्य तलवारीला परका नसतो, पण तो अंग आडवे करून एका हाताने खेळत आलेला असतो. येथे समोरासमोर उभे राहून दोन्ही हातांनी प्रहार करायचा असतो, आणि नुसत्या स्पर्शाला काडीचीही किंमत नसते.

गुण कशाला मिळतो हे नवागताला पुष्कळ दिवस उमगत नाही. प्रहार ठरलेल्या जागी, शिनाईच्या ठरलेल्या भागाने आणि सरळ पवित्र्यातून व्हावा लागतो. आवाज, तलवार आणि शरीर यांचा एकच क्षण साधावा लागतो. इतके होऊनही प्रहारानंतर सावधपणा ढळला, तर गुण मिळत नाही. या सावधपणाला ‘झान्शिन’ असे नाव आहे. सामन्यात लाल आणि पांढरे निशाण घेतलेले तीन पंच असतात. त्यांपैकी दोघांना पटले तरच गुण. आणि गुण मिळाल्याच्या आनंदात एखाद्याने हात उंचावला, उडी मारली, तर दिलेला गुणही काढून घेतला जातो. ज्या खेळाडूने आजवर प्रत्येक विजयानंतर मूठ हवेत उगारली, त्याला हा नियम प्रथम कठोर वाटतो. विचार केल्यावर त्यातील मर्म कळते. हरलेला मनुष्य समोर उभा आहे, आणि त्याच्या देखत आपला आनंद मिरवू नये, एवढी साधी माणुसकी त्यात आहे. शिवाय जिंकल्याच्या क्षणीच मनुष्य सर्वाधिक गाफील असतो, हा व्यवहारही त्यात आहे. बाजार तेजीत असताना घेतलेले निर्णय ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

केंडोची परंपरा मनाचे चार रोग सांगते. अकस्मात चकित होणे, भय, शंका आणि संभ्रम. यांपैकी एकही मनात शिरला की खांदे आखडतात, हात उशिरा उठतो आणि समोरच्याला वाट सापडते. अनुभवी नवागताकडे याखेरीज पाचवा एक रोग असतो, तो कोणत्याही यादीत नाही. ‘हे मला येते’ हा तो रोग.

या रोगावर दोजोने एक शांत उपाय करून ठेवला आहे. केंडोत रंगीत पट्टे नसतात. निळ्या रंगाचा अंगरखा आणि ‘हाकामा’ नावाचे घोळदार अधोवस्त्र हाच बहुतेकांचा वेश. आठव्या श्रेणीचे गुरू आणि पहिल्या श्रेणीचा शिष्य यांच्या पोशाखावरून कोण मोठा हे सांगता येत नाही. श्रेणी आठ आहेत, आणि दोन श्रेणींमधील किमान काळ ठरलेला आहे. पहिलीनंतर दुसरीसाठी १ वर्ष, पुढे अनुक्रमे २, ३, ४, ५ आणि ६ वर्षे, आणि सातवीनंतर आठवीसाठी १० वर्षे. बेरीज केली तर ३१ वर्षे होतात, तीही प्रत्येक परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाल्यास. आठव्या श्रेणीच्या परीक्षेला बसण्यासाठी वय किमान ४६ असावे लागते, आणि शंभर जण बसले तर जेमतेम एखादा उत्तीर्ण होतो. हा हिशेब एकदा मनात बसला की पहिल्या सहा महिन्यांत आपण कोठे पोहोचलो, हा प्रश्न आपोआप विरून जातो.

आता त्या तलवारबाजाची आणि व्यापाऱ्याची गोष्ट.

यामाओका तेश्शू यांचा जन्म १८३६ मध्ये एदो नगरीत, म्हणजे आजच्या टोकियोत झाला. लहान वयातच त्यांच्या हाती तलवार आली. वडिलांची नेमणूक ताकायामा येथे झाल्यावर इनोउए हाचिरो यांच्याकडे त्यांनी एका नामवंत परंपरेची तलवारविद्या घेतली. एदोला परतल्यावर यामाओका सेइझान या गुरूंकडे ते भाला शिकले. गुरूंच्या अकाली निधनानंतर त्यांच्या भगिनीशी विवाह करून त्यांनी त्या घराण्याचे नावही स्वीकारले. सहा फुटांहून अधिक उंची, दांडगे शरीर आणि सरावाचे वेड यांमुळे लोक त्यांना ‘राक्षस तेत्सु’ म्हणत. हस्ताक्षरकलेतही ते निपुण होते. इतक्या विद्या ज्याच्या हाती आहेत, त्याला कोणापुढे नमावे लागेल असे कोणासच वाटले नसते.

१८६३ मध्ये त्यांची गाठ आसारी योशिआकी यांच्याशी पडली. त्यांच्या पहिल्या सामन्याविषयी एक कथा सांगतात. बराच वेळ झुंज चालल्यावर तेश्शूंनी आपल्या शरीराच्या बळावर आसारींना खाली पाडले आणि विजय आपला असे म्हटले. आसारींनी शांतपणे सांगितले की, पडण्यापूर्वीच त्यांचा प्रहार तेश्शूंच्या कवचावर झाला होता. तेश्शूंनी ते मानले नाही. घरी येऊन कवच पाहिले, तर त्यातील बांबूच्या पट्ट्या तुटलेल्या होत्या. कथेतील तपशील कसेही असोत, पुढील गोष्ट निश्चित आहे. तेश्शूंनी आपला पराभव मान्य केला आणि आसारींचे शिष्यत्व पत्करले. वयाच्या २७ व्या वर्षी, एवढ्या कीर्तीनंतर, ते पुन्हा नवे शिष्य झाले.

त्यापुढे १७ वर्षे गेली. या काळात तेश्शूंच्या हातून इतिहासात नोंद व्हावी अशी कामे झाली. १८६८ मध्ये शोगुनची सत्ता संपत असताना ते शत्रुपक्षाच्या छावणीत जाऊन सेनानी सैगो ताकामोरी यांना भेटले आणि एदो नगरी रक्तपातावाचून स्वाधीन होण्याचा मार्ग त्या बोलण्यातून तयार झाला. पुढे ते सम्राट मेइजी यांच्या सेवेत राहिले. परंतु तालमीत आसारींसमोर उभे राहिले की त्यांची पावले मागे सरकत. एकटे असताना डोळे मिटले तरी आसारींची आकृती पर्वतासारखी पुढे उभी राही आणि तिच्यापुढे त्यांना मार्ग सुचत नसे. त्यांनी झेन गुरूंकडे ध्यानाचा अभ्यास केला, सराव दुप्पट केला. पर्वत हलला नाही.

अशा काळात एक व्यापारी त्यांच्याकडे हस्ताक्षराचा नमुना मागण्यासाठी आला. योकोहामाचे हिरानुमा सेन्झो हेच ते व्यापारी, असे सांगतात. बोलता बोलता त्यांनी आपल्या धंद्याची हकिकत सांगितली. जन्म गरीब घरातला. काटकसर करून चारपाचशे येन जमले, त्यांतून माल खरेदी केला. तेवढ्यात भाव उतरणार अशी वार्ता आली. माल लवकर काढून टाकावा म्हणून ते धडपडू लागले. ओळखीच्या दलालांनी त्यांची भीती ओळखली आणि भाव पाडून मागितला. छाती धडधडू लागली, खरा बाजारभाव काय हेच कळेना. काही दिवसांनी तेच लोक खरेदीहून चढा भाव घेऊन परत आले. आता मनात लोभ शिरला. आणखी थोडे चढेल म्हणून त्यांनी नकार दिला. भाव आणखी थोडा वाढला, तरी त्यांनी माल धरून ठेवला. अखेरीस तोच माल तोटा सोसून विकावा लागला.

त्या एका सौद्यातून त्यांना धंद्याचे मर्म कळले. नफा झालाच पाहिजे असे मनात धरले की छाती धडधडते. तोटा होईल असे मनात आले की अंग आकसते. दोन्ही अवस्थांत समोरची गोष्ट जशी आहे तशी दिसत नाही. म्हणून त्यांनी एक रीत ठरवली. मन निर्मळ असताना विचार पूर्ण करायचा, निर्णय घ्यायचा, आणि एकदा काम हाती घेतले की लहानसहान चढउतारांकडे न पाहता ते पार पाडायचे. त्यानंतर आपला उत्कर्ष झाला, असे त्यांनी सांगितले.

हे बोलणे ऐकून तेश्शू अंतर्मुख झाले. आसारींसमोर आपण जिंकू पाहतो, म्हणून आपले हात आखडतात. हरण्याची भीती वाटते, म्हणून आपली पावले मागे येतात. पर्वत आसारींच्या ठायी नव्हता, आपल्याच मनात होता, हे त्यांना जाणवले. दिवसा तालमीत आणि रात्री ध्यानात त्यांनी या विचाराचा ठाव घेतला. ३० मार्च १८८० रोजी पहाटे, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ध्यानाला बसले असताना डोळ्यांसमोरची ती आकृती नाहीशी झाली. पुढे त्यांनी आसारींना बोलावून सामना केला. तेश्शूंचा पवित्रा पाहताच आसारींनी शिनाई खाली ठेवली, त्यांची सिद्धी मान्य केली आणि आपली परंपरा त्यांच्या स्वाधीन केली.

विद्येचा शोध घेणाऱ्याने कान किती उघडे ठेवावेत, याचे हे उदाहरण आहे. सामुराईंच्या जुन्या समाजरचनेत व्यापाऱ्याचे स्थान सर्वांत खालचे मानले जाई. तरीही सम्राटाच्या दरबारात वावरणाऱ्या या योद्ध्याने योकोहामाच्या व्यापाऱ्याचे बोलणे ऐकून सोडून दिले नाही, आणि हा प्रसंग आपल्या लेखनातही नमूद करून ठेवला. पुढे त्यांनी स्वतःची ‘शुन्पूकान’ ही तालीम काढली. तेथे नव्या शिष्याला पहिली तीन वर्षे केवळ मूलभूत प्रहारांचाच सराव करावा लागे. स्वतः १७ वर्षे शिष्य राहिलेल्या गुरूला तीन वर्षे फार वाटली नसावीत. १८८८ मध्ये त्यांचे निधन झाले. टोकियोतील यानाका भागात त्यांनीच स्थापन केलेल्या झेन्शोआन मंदिरात त्यांची समाधी आहे.

मग आधीची विद्या वाया जाते काय? तसे घडत नाही. जुने भांडवल बुडत नाही, काही काळ अडकून पडते एवढेच. मार बसला तरी न चिडणे, गुरूने शंभर वेळा सांगितलेले एकशे एकाव्या वेळी पुन्हा ऐकणे, थकल्यावर आणखी पाच मिनिटे उभे राहणे, या सवयी ज्याने कराटे किंवा ज्युदोत कमावल्या त्याला त्या येथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतात. अंतराचा आणि क्षणाचा अंदाज वर्षा-दोन वर्षांनी हळूच परत येतो, तोही नव्या वेशात. अट एकच असते. तो परत येईपर्यंत त्याला मध्येच हाक मारायची नाही.

ज्या कुटुंबांतील कोणी या मार्गाकडे वळू इच्छितो, त्यांनी दोन व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पारंपरिक शिनाईची मूठ आणि टोक यांवरील आवरणे चामड्याची असतात, आणि हातमोज्यांना हरणाचे कातडे वापरण्याची पद्धत आहे. आता कृत्रिम साहित्याचे पर्यायही मिळतात. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्यांनी खरेदीपूर्वी हे स्पष्ट विचारून घ्यावे. आरंभी शिनाई आणि साधे कपडे एवढेच पुरते. महागडे कवच नंतर लागते, तोवर टिकण्याचा निश्चय झालेला असतो. दुसरी गोष्ट शिनाईच्या निगेची. बांबूची कड फुटून निघालेली बारीक चीर शिरस्त्राणाच्या जाळीतून समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकते. म्हणून प्रत्येक सरावापूर्वी चारही पट्ट्या तपासायच्या असतात. ही तपासणी स्वतःच्या रक्षणासाठी नसते, समोरच्याच्या रक्षणासाठी असते. आणि ती पहिल्या दिवशीच शिकवली जाते.

जुन्या पेढ्यांवर एक रीत होती. मालकाचा मुलगा शिकून आला तरी त्याला एकदम गादीवर बसवत नसत. सकाळी दुकान उघडणे, झाडणे, मालाची मोजदाद, मुनिमाच्या शेजारी बसून रोजमेळ लिहिणे, हे आधी होई. बाहेर दुसऱ्या धंद्यात नाव कमावलेला भाऊबंद नव्या व्यवसायात उतरला, तर त्यालाही जाणती माणसे तेच सांगत. कापडाच्या अनुभवाने धान्याचा भाव ठरत नाही. ज्यांनी हे ऐकले त्यांचा अनुभव पुढे नव्या धंद्यातही कामी आला. ज्यांना ते कमीपणाचे वाटले, त्यांनी पहिल्या वर्षाची किंमत पुढची अनेक वर्षे मोजली.

दोजोत रांगेच्या शेवटी बसलेला तो प्रौढ मनुष्य दोन वर्षांनी त्याच रांगेत एक-दोन जागा वर सरकलेला असतो. त्याचे पाय आता सरकतात, आवाज कंठातून बाहेर पडतो. त्याच्या खाली एक नवा मनुष्य येऊन बसतो. त्याच्याही घरी कुठला तरी ब्लॅक बेल्ट असतो. आणि वरच्या अंगाला तो मुलगा असतोच, आता तेरा वर्षांचा. सराव संपल्यावर सारे जण परस्परांना नमस्कार करतात. त्या मुलापुढे मान लववताना या माणसाला आता काही वेगळे वाटत नाही.